यंत्राचा पहिला प्रश्न

संगणक प्रथम सुरू केला म्हणजे त्याच्या पडद्यावर स्वागताचे चार शब्द उमटतात आणि त्यांच्यामागोमाग काही प्रश्न येतात. आपण कोणत्या देशात राहता, आपली भाषा कोणती, कळफलक कोणत्या पद्धतीचा हवा, आपले नाव काय, यंत्राच्या वापराविषयीची माहिती निर्मात्याकडे पाठविण्यास आपली संमती आहे काय, अशा स्वरूपाचे हे प्रश्न असतात. या विद्येतील लोक या दर्शनास ‘वेलकम स्क्रीन’ म्हणतात. आजच्या भाषणापुरते आपण त्याला स्वागतपट म्हणू.

हा स्वागतपट बहुधा एकदाच दिसतो. उत्तरे दिली की तो नाहीसा होतो, आणि दिलेल्या उत्तरांवर पुढे कित्येक वर्षे त्या यंत्राचा सारा व्यवहार चालतो. मला या गोष्टीवरून आपल्याकडील शाळेतील दाखल्याची आठवण होते. मुलाला शाळेत घालताना जन्मतारीख कोणाला आठवत नसे. गुरुजी अंदाजाने एक जून ही तारीख लिहून मोकळे होत, आणि मग नोकरी, बढती, निवृत्ती, निवृत्तिवेतन हे सगळे आयुष्य त्या एका तारखेभोवती फिरत राही. प्रश्न ज्याच्याविषयी होता तो बाकावर बसलेला असे; उत्तर देणारा मात्र दुसराच असे. संगणकाच्या स्वागतपटाचेही आपल्या घरांतून पुष्कळदा असेच झाले आहे. तेव्हा हा पहिला प्रश्न विचारण्याची प्रथा कोठून आली, मराठीत त्याचे उत्तर देणे केव्हा शक्य झाले, आणि एकदा मिटलेले हे दार पुन्हा उघडता येते की काय, याचा थोडा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

उदाहरणादाखल मी जबलपूर हे शहर घेतो. नर्मदेच्या काठच्या या शहरात मराठी माणूस परका नाही. १७८१ साली गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांच्या ताब्यात गेले, १७९८ साली हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला, आणि १८१७-१८च्या युद्धानंतर तो इंग्रजांच्या हाती पडला. ७ मार्च १८७० रोजी मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग जबलपुरास जोडले गेले, तेव्हा हे गाव साऱ्या देशाच्या वाटेवरचे सांध्याचे ठिकाण झाले. पुढे १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना, १९४२ साली दूरसंचाराचे प्रशिक्षणकेंद्र आणि १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय अशा संस्था तेथे उभ्या राहिल्या. या साऱ्यांच्या आश्रयाने अनेक मराठी कुटुंबे तेथे गेली आणि तेथलीच झाली.

जबलपूरच्या बाबतीत भाषेचा प्रश्न एकदा फार मोठ्या प्रमाणावर विचारला गेला होता. १९५६ पर्यंत नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राज्यकारभारात स्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले, आणि त्या राज्याचे उच्च न्यायालय जबलपुरास आले. नागपूरच्या उच्च न्यायालयाचे अखेरचे मुख्य न्यायमूर्ती महंमद हिदायतुल्ला हेच जबलपूरच्या न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. बहुसंख्यांची भाषा हिंदी, म्हणून शहर हिंदी राज्यात, हे उत्तर न्याय्यच होते. परंतु प्रत्येक घराचे उत्तर तेच नव्हते. घटनाकारांच्या मागून आलेल्या संसदेने हे ओळखले, आणि त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क हे कलम घालून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा यत्न राज्यांनी करावा, असे सांगितले. समूहाचे उत्तर ठरल्यावरही व्यक्तीसाठी प्रश्न खुला ठेवावा लागतो, हे तत्त्व त्यात आहे. आपल्या आजच्या विषयाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

आता यंत्राकडे वळू. आरंभीच्या संगणकांना स्वागत करण्याचे कारणच नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला ‘टिफ्रॅक’ घ्या. त्याच्याजवळ जाणारा मनुष्य त्या यंत्राची भाषा शिकूनच जात असे. यंत्र माणसाला काही विचारीत नसे; माणसानेच यंत्राच्या कलाने घ्यावयाचे, असा तो काळ होता. घरगुती संगणक आले तरी पुष्कळ दिवस हीच रीत राहिली. १९८० नंतरच्या दशकातील साध्या संगणकावर काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक अक्षर आणि लुकलुकणारी रेघ एवढेच दिसे, आणि पुढे काय करावयाचे ते ज्याचे त्याने जाणावे.

ही रीत बदलण्याचा ठळक प्रयत्न २४ जानेवारी १९८४ रोजी बाजारात आलेल्या मॅकिंटॉश संगणकाने केला. तो सुरू होताना पडद्यावर स्वागताचे शब्द येत, आणि त्याच्यासोबत एक ध्वनिफीत मिळे. ती लावून ऐकत बसले की यंत्राची ओळख होई. पुढे २४ ऑगस्ट १९९५ रोजी ‘विंडोज ९५’ आले. त्यात यंत्र सुरू होताच एक लहान खिडकी उघडे. तिच्यात ‘हे आपणास ठाऊक आहे काय’ अशा थाटाची एक सूचना असे, आणि तळाशी एक बारीक चौकोन असे. पुढच्या वेळी हा स्वागतपट दाखवावा की नाही, ते त्या चौकोनातील खूण सांगे. ती खूण काढून टाकली की खिडकी पुन्हा दिसत नसे. परंतु आज्ञा देण्याच्या जागी ‘वेलकम’ हा शब्द लिहिला की ती पुन्हा हजर होई. म्हणजे मिटलेले दार उघडण्याची सोय अगदी आरंभापासून होती. तिची वाच्यता मात्र फारशी झाली नाही.

ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या ‘विंडोज एक्सपी’पासून या स्वागताला समारंभाचे रूप आले. सारा पडदा व्यापणारे चित्र, मंद संगीत आणि एकामागून एक येणारे प्रश्न. खिडकीच्या कोपऱ्यातील चौकोन गेला. एकदा हा विधी उरकला की उरकला. पुढे प्रश्नांचे स्वरूपही बदलले. पूर्वी नाव आणि घड्याळाची वेळ विचारली जाई. २०१५च्या ‘विंडोज १०’ मध्ये आपले ठिकाण कळवावे काय, यंत्राच्या प्रकृतीचा अहवाल पाठवावा काय, जाहिराती आपल्या आवडीनुसार दाखवाव्यात काय, असे संमतीचे प्रश्न येऊ लागले. स्वागतपट हा केवळ आतिथ्याचा भाग राहिला नाही. त्याला करारपत्राचे रूप येत गेले.

या साऱ्या काळात मराठी कोठे होती? भाषा विचारणाऱ्या यादीत आपली भाषा यावी, यासाठी आधी तिची अक्षरे यंत्राला ठाऊक असावी लागतात. ते काम आपल्याकडे पुष्कळ आधी सुरू झाले होते. भारतीय लिपींसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ या कळफलकाची आखणी १९८६च्या सुमारास झाली. पुण्यात १९८८ साली ‘सी-डॅक’ या संस्थेची स्थापना झाली, आणि कानपूरच्या तंत्रविद्यासंस्थेत आरंभ झालेले भारतीय लिपींचे काम तेथे वाढीस लागले. त्यातून निघालेली एक पट्टी संगणकाच्या पोटात बसविली की इंग्रजी यंत्राच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. १९९१ साली अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांचे भारतीय मानक निश्चित झाले. त्याच वर्षी जगातील सर्व लिपींना एका कोष्टकात बसविणारे ‘युनिकोड’ प्रसिद्ध झाले, आणि त्यातील देवनागरीची मांडणी आपल्याच १९८८च्या मानकावर आधारलेली होती. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या ‘विंडोज २०००’ पासून त्या प्रणालीत देवनागरी विनासायास लिहिता-वाचता येऊ लागली, आणि त्यानंतरच्या दशकात पडद्यावरील सूचना, याद्या आणि कळी यांचे मराठी भाषांतर उपलब्ध झाले. मुक्त प्रणालींच्या, म्हणजे लिनक्सच्या, बाबतीत हे भाषांतर स्वयंसेवकांनी ओळीओळीने केले आहे. मराठीतला खास ‘ॲ’ युनिकोडच्या कोष्टकात स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली दाखल झाला, एवढ्यावरून हे काम किती बारकाईचे आणि किती चिकाटीचे होते ते ध्यानात यावे.

म्हणजे ज्या क्षणी प्रश्नाचे उत्तर मराठीत देणे शक्य झाले, त्याच सुमारास तो प्रश्न आपल्या नजरेआड होऊ लागला. याचे कारण आपल्या व्यवहारात आहे. जबलपूरमधील एखाद्या मराठी घराची कल्पना करा. निवृत्त गृहस्थ, त्यांच्या पत्नी, शिक्षणासाठी बाहेरगावी गेलेला नातू. संगणक विकत घेतला जातो. दुकानातील तरुण मदतनीस सद्भावनेने म्हणतो, “बाबूजी, मैं सब चालू करके भेज देता हूँ.” तो पाच मिनिटांत सारे प्रश्न संपवितो. भाषा इंग्रजी, किंवा फार विचार केला तर हिंदी. कारण अक्षरे तर तीच आहेत. संमतीच्या प्रत्येक प्रश्नाला होकार, कारण होकाराची कळ हाताशी असते. यंत्र घरी येते तेव्हा स्वागत होऊन गेलेले असते, आणि ज्यांचे स्वागत व्हावयाचे त्यांना ते कळलेलेही नसते.

अक्षरे तीच असली तरी भाषा तीच नसते, हे मग हळूहळू उमगते. आजी बहिणीला पत्र लिहावयास बसतात, आणि ‘आहे’ या शब्दाखाली तांबडी रेघ उमटते. यंत्राच्या हिंदी कोशात तो शब्द नाही. ‘माझे’ चुकीचे, ‘झाले’ चुकीचे, ‘येणार’ चुकीचे. पानभर तांबड्या रेघा. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळे आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली लिपीविषयी निर्णय काढला, तेव्हा या अक्षरांची मराठी वळणे निश्चित केली. ज्या अक्षरसंचांत दोन्ही वळणांची सोय असते, त्यांतील पुष्कळ संच मजकुराची भाषा कोणती नोंदविली आहे हे पाहूनच वळण निवडतात. नोंद हिंदीची असेल तर आपल्या हातचे मराठी पत्र हिंदी वळणाने उमटते. गोष्ट लहान आहे. परंतु परप्रांतात तीन पिढ्या जपलेली भाषा स्वतःच्या घरातील यंत्राने रोज चूक ठरवावी, हा सल लहान नाही. आणि आपलेच काही चुकत असावे, असे वाटून त्या बाई लिहिणे सोडतात, तेव्हा ती हानी खरी असते.

तेव्हा हे दार पुन्हा उघडता येते काय? येते; आणि त्यासाठी यंत्राच्या अंतरंगातील एक साधी गोष्ट समजून घेतली पाहिजे. स्वागत झाले आहे की नाही, हे यंत्र स्वतःहून जाणत नाही. ते झाल्याची एक खूण कोठे तरी ठेवलेली असते, आणि सुरू होताना यंत्र ती खूण आहे एवढेच पाहते. लग्नघरात निमंत्रण पोचलेल्या नावापुढे कुंकवाचे बोट लावावे, तसा हा प्रकार आहे. मॅकच्या प्रणालीत या खुणेचे नाव ‘ॲपल सेटअप डन’ असे आहे. ती एक फाईल असते, आणि तिचे असणे एवढाच तिचा अर्थ. जाणकाराने ती काढून टाकली की यंत्र आपण नवेच आहोत असे समजून पुन्हा सारे प्रश्न विचारते. जुन्या खात्यातील कागदपत्रे मात्र जागच्या जागी राहतात. लिनक्सवरील ‘ग्नोम’ या मांडणीत वापरणाऱ्याच्या स्वतःच्या कप्प्यात अशीच एक खूण असते, आणि ज्या वितरणांत ही सोय ठेवलेली आहे तेथे ती काढून पुन्हा प्रवेश केला की पहिले प्रश्न परत येतात. ‘लिनक्स मिंट’ने तर हा प्रकार अगदी सोपा ठेवला आहे. त्याचा स्वागतपट मुख्य यादीत इतर साधनांच्या बरोबरीने मांडलेला असतो. तेथून तो केव्हाही उघडावा, आणि दर वेळी दिसावा की नाही ते खालच्या चौकोनात खूण करून सांगावे. ‘विंडोज ९५’ मधला तो जुना चौकोन येथे पुन्हा भेटतो.

‘विंडोज’च्या अलीकडच्या आवृत्त्यांत मात्र थोडी सावधगिरी हवी. तेथे स्वागतपट जसाच्या तसा परत आणण्याचे साधन आहे, परंतु ते निर्मात्यांसाठी आणि मोठ्या कचेऱ्यांतील व्यवस्थापकांसाठी आहे. घरी त्याच्या वाटेस जाऊ नये. दुसरा मार्ग म्हणजे यंत्र मूळ स्थितीस नेणे. त्याने प्रश्न पुन्हा विचारले जातात, पण बसविलेली साधने जातात, आणि योग्य पर्याय निवडला नाही तर कागदपत्रे आणि छायाचित्रेही जातात. एका प्रश्नाचे उत्तर बदलण्यासाठी सारे घर पाडण्यासारखे ते आहे. सुदैवाने त्याची गरज बहुधा पडत नाही. स्वागताच्या वेळी विचारलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला ‘सेटिंग्ज’ या विभागात स्वतंत्र दालन दिलेले आहे. भाषा आणि प्रदेश एका दालनात, कळफलक तेथेच, खासगीपणाच्या संमती दुसऱ्या दालनात. तेथे जाऊन मराठी भाषा जोडावी, ती यादीत वर आणावी, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. आणि दुकानात दिलेले होकार एकेक वाचून जे नको असतील ते मागे घ्यावेत. सूचनांच्या दालनात नव्या सुधारणेनंतर स्वागताचा अनुभव पुन्हा दाखवावा काय, असाही एक पर्याय असतो.

येथे एक अडचण सांगितली पाहिजे, कारण आपल्या देशात तिचा अनुभव पुष्कळांना येतो. यंत्रासोबत मिळणारी ‘विंडोज’ची एक आवृत्ती ‘सिंगल लँग्वेज’, म्हणजे एकभाषी, असते. तिच्यात पडद्यावरील सूचनांसाठी एकाच भाषेचा परवाना असतो. दुसरी भाषा जोडावयास गेले की परवाना एकाच भाषेपुरता आहे, असे यंत्र सांगते. लिहिण्यासाठी मराठी कळफलक तेथेही जोडता येतो, पण यंत्राचे स्वतःचे बोलणे पहिल्या उत्तराप्रमाणेच चालते. अशा यंत्रात दुकानात दिलेल्या त्या एका उत्तराचे वजन किती वाढते, ते निराळे सांगावयास नको. म्हणून खरेदीच्या वेळीच दोन गोष्टी विचाराव्यात: आवृत्ती एकभाषी आहे काय, आणि यंत्र पहिल्यांदा सुरू करताना मला तेथे बसता येईल काय. मदतनिसाचे साहाय्य अवश्य घ्यावे, कळही त्यानेच दाबावी, पण उत्तर आपण सांगावे.

श्रोतेहो, इतिहासात असे दिसते की माणसाला प्रश्न विचारण्याची प्रथा ही सत्तेने केलेली एक सवलत असते, आणि ती वापरली नाही तर ती हळूहळू केवळ उपचारापुरती उरते. मराठीचे नाव त्या यादीत यावे म्हणून पुण्यात, मुंबईत आणि इतरत्र अनेकांनी वर्षानुवर्षे अक्षरांचे क्रमांक लावले, कळी आखल्या, हजारो ओळींची भाषांतरे केली. जबलपूरच्या त्या घरातील आजींनी आपल्या भाषेच्या नावावर एकदा बोट ठेवले, तर त्या सर्व श्रमांचे चीज होते.

शाळेतील एक जून दुरुस्त करावयाचा म्हटले तर प्रतिज्ञापत्र, पुरावे, राजपत्रातील प्रसिद्धी असा केवढा खटाटोप करावा लागे. पुष्कळजण तो न करताच निवृत्त होत. संगणकातील पहिल्या उत्तराची दुरुस्ती त्या मानाने अर्ध्या तासाची आहे. सुटीत नातू घरी येईल तेव्हा आजीआजोबांनी त्याला शेजारी बसवावे, ते दालन उघडावयास सांगावे, आणि तो प्रश्न त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा: आपली भाषा कोणती? त्याचे उत्तर मग त्यांचे त्यांनी द्यावे.